एक बूट क्योतोला, एक हेन्डरसनला

आमच्या घरात देवळाबाहेर चपला काढायची एक रीत होती. जोड कधी एकत्र ठेवायचा नाही. उजवी दाराच्या या अंगाला, डावी पार त्या अंगाला, जमलं तर कुणाच्या तरी फाटक्या चपलांच्या खाली. चोर घाईत असतो, त्याला जोडी जुळवत बसायला सवड नसते, असं आईचं म्हणणं. पुण्यात हे करणारे आम्ही एकटेच नव्हतो, निम्मं गाव करायचं. पण बाकीच्यांची गेली तर चप्पल जायची. आईचा बूट गेला तर तिचं चालणंच जायचं.

तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने आखूड राहिला. रविवार पेठेत एक बूट शिवणारे होते, ते तिच्या डाव्या बुटाला चांगला दोन बोटं जाड तळ लावून देत. उजवा साधा, डावा उंच. साडीचा काठ जरा खाली सोडला की बघणाऱ्याला काही कळत नसे, आणि आई टेलिफोन एक्स्चेंजच्या जिन्यावरून अशी उतरायची की बाकीच्या बायका मागे राहत. माझ्या लहानपणी एकदा एका देवळाबाहेरून तिचा तो बूट खरोखरच गेला. नवा होईपर्यंत ती रजा टाकून घरात बसली आणि ऑफिसला मलेरिया झाल्याचं कळवलं. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलं म्हणून ती ताकही फुंकून पीत होती, आणि आम्ही तिला हसायचो.

पण हसायचो ते चपला लांब ठेवण्यावरून. पाय हा विषय घरात नव्हता. कुणी विचारलंच तर "गुडघा जरा धरलाय" असं उत्तर ठरलेलं होतं. तिसरीत असताना मी वर्गात एका मैत्रिणीला खरं सांगून बसले आणि ते फिरत फिरत आईच्या कानावर आलं. तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "माझ्या पायाबद्दल परत कुणाकडे बोललीस तर माझी शपथ आहे तुला." आमच्यात शपथ मोडली की ती घालणाऱ्याच्या जिवावर येते. पुढे मी इंजिनिअर झाले, ऑकलंडला येऊन दिवसभर लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढू लागले, आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास उरला नाही. पण बाबा एका दुपारी जेवता जेवता गेले, आणि उरलेल्या एकाच माणसाच्या जिवावर प्रयोग करून बघायची माझी काही हिंमत झाली नाही. नवऱ्यालासुद्धा मी गुडघाच सांगितला होता.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात, आली. तीन महिने छान गेले. ती रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किरकोळ सामानाच्या दुकानात, पेपर आणायला चालत जायची आणि डेअरीवाल्या गुजराती बाईंशी गप्पा मारून घरातलं दूध संपायच्या आत नवं घेऊन यायची. बूट मात्र ती सगळ्यांसारखे दाराशी ठेवत नसे. पिशवीत घालून खोलीत नेत असे. मग माझं ओसाकाला चार दिवसांचं काम निघालं. नवरा म्हणाला, लेकीचं मी बघतो, आईंना घेऊन जा, जपान कधी बघणार त्या? काम उरकल्यावर शेवटच्या दुपारी आम्ही दोघी आगगाडीने क्योतोला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं.

देऊळ मोठं होतं, लाकडी. आत जाताना बूट काढून फळ्यांवर ठेवायचे होते. फळ्यांवर शेकडो बूट, सगळे जोडीने, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मी माझे ठेवले. आईने उजवा बूट ठेवला, आणि डावा हातात घेऊन, माझ्या खांद्याचा आधार घेत, थेट दुसऱ्या टोकाला गेली. तिथे छत्र्या ठेवायची लाकडी घडवंची होती. तिच्यामागे तिने बूट सरकवला.

"आई, जपान आहे हे," मी म्हटलं. "इथे पाकीट पडलं तर लोक घरी आणून देतात."

"देत असतील. बूट देतात असं कुणी सांगितलंय?"

आत आम्ही बराच वेळ होतो. चालताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती खुशीत होती. बाहेर आलो तर उजवा बूट जागेवर होता. घडवंचीमागे काही नव्हतं.

आधी मला वाटलं आम्हीच जागा चुकलो. मग वाटलं घडवंच्या दोन असतील. मी ओणवी होऊन सगळ्या फळ्यांखाली बघितलं. आई उजवा बूट हातात घेऊन खांबाला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर "मी सांगत नव्हते?" आणि घाबरणं असं दोन्ही होतं. पण चोरीच झाली म्हणावं तर चोराने शेकडो नवे कोरे बूट सोडून तो एकटा जुना, दोन बोटं तळाचा बूट का न्यावा? मला काही केल्या कळेना.

दाराशी देवळाचं छोटं ऑफिस होतं. तिथे एक वयस्क गृहस्थ बसले होते, मोडकं इंग्लिश बोलणारे आणि अतिशय अदबशीर. बूट हरवला म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, एक कसा हरवला? मी सांगितलं, एक तिकडे होता. ते म्हणाले, आणि हा? मी म्हटलं, हा इकडे होता. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, का?

आता काय सांगणार? तुमच्या देवळात येणारे लोक चोर असतील असं आम्हाला वाटलं, हे त्या माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं?

"सांग ना, चोरीला जाऊ नये म्हणून," आई मराठीत म्हणाली.

"आमच्याकडची पद्धत आहे," मी इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यांनी मान लववली. पण गोंधळ त्यांच्या डोळ्यांतून गेला नाही.

त्यांनी बुटाचं वर्णन विचारलं. मी बोलायच्या आत आई पुढे झाली. ब्राऊन. लेदर. लेफ्ट. बक्कल. तिने घाईघाईने तेवढं सांगितलं आणि हातातला उजवा बूट त्यांच्यासमोर धरला, हा बघा, याच्या जोडीचा. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन नीट न्याहाळला. मी अंगठा आणि बोट यांत अंतर धरून "त्याचा तळ जरा..." एवढं म्हणाले आणि आईने माझ्याकडे बघितलं. मला तिसरीतली ती संध्याकाळ आठवली आणि मी बोटं मिटली.

गृहस्थ आत गेले आणि एका मोठ्या तबकात हरवलेले बूट घेऊन आले. काळा, निळा, लहान मुलाचा, ब्राऊनसुद्धा एक होता. प्रत्येकाच्या शेजारी ते आमचा उजवा बूट ठेवत आणि मान हलवत. दुसऱ्या कुणाला तरी बोलावून त्यांनी सगळं आवार पालथं घातलं. एक मुलगी तर छत्र्यांच्या घडवंचीखाली विजेरी घेऊन आडवी पडली. मला इतकं लाजिरवाणं कधीच वाटलं नव्हतं. ही सगळी भली माणसं उजव्या बुटाच्या भावाला शोधत होती, आणि तो भाऊ त्याच्यासारखा दिसतच नाही, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

देऊळ बंद व्हायची वेळ झाली. बूट सापडला नाही. त्यांनी आमचा पत्ता आणि फोन घेतला. सापडेल ते सगळं काही दिवसांनी पोलिसांच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जातं म्हणून तिथलाही नंबर दिला, आईला देवळाच्या सपाता दिल्या आणि न विचारता व्हीलचेअर आणली. आईने ती अशी झिडकारली की गृहस्थ दोन पावलं मागे सरले. टॅक्सीपर्यंत ती माझ्या खांद्याला धरून गेली, वर-खाली, वर-खाली, रस्त्यावरच्या सगळ्या लोकांच्या देखत. कुणी बघत नव्हतं. तिला मात्र सगळे बघताहेत असंच वाटत होतं, आणि मला तिच्यासाठी रडू येत होतं, आणि तिचा रागही येत होता.

विमानतळावर तिला शेवटी व्हीलचेअरमध्ये बसावंच लागलं. ऑकलंडला उतरल्यावर नेहमीचा प्रश्न आला, परदेशातली माती लागलेले बूट आहेत का. आईने प्रामाणिकपणे हो म्हटलं. समोरचा अधिकारी भलामोठा, हसरा माणूस होता. "किया ओरा, आंटी," असा माओरी भाषेत नमस्कार केला आणि पिशवी उघडून त्याने एकुलता एक बूट बाहेर काढला. पिशवी उलटी करून झटकली.

"दुसरा कुठाय?"

"जपानमध्ये," आई म्हणाली.

तो माझ्याकडे बघू लागला. मग तो बूट आत घेऊन गेला, तळ घासून पुसून परत आणून दिला आणि "स्वीट ॲज", म्हणजे सगळं झकास, म्हणून आम्हाला सोडलं. तेवढ्यावर हसायला हरकत नव्हती, पण आई घरी पोहोचेपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेरच बघत बसली.

त्यानंतर आमच्या घरात सगळंच विचित्र चाललं. नवरा उठायच्या आत आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात यायची आणि खुर्चीत बसायची. तो कामावर जाईपर्यंत हलायची नाही. संध्याकाळी त्याची गाडी वाजली की पुन्हा खुर्चीत. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायची नाही. नवरा मला बाजूला घेऊन विचारू लागला, माझं काही चुकलंय का, आई माझ्यावर चिडल्यात का. मी म्हटलं, गुडघा. तो म्हणाला, अगं मग इथे फिजिओ ढिगाने आहेत, उद्याच नेऊ. लेकीची सुट्टी चालू होती. ती आजीला रोज डेअरीत चल म्हणायची आणि आजी रोज "उद्या" म्हणायची. सहा वर्षांच्या मुलीला उद्या किती वेळा सांगणार?

मी आईला म्हटलं, इथे डॉक्टर माप घेऊन असे बूट करून देतात.

"माप कोण देणार?" तिने विचारलं आणि विषय संपला. पुण्याहूनही नवा मागवता येत नव्हता. रविवार पेठेतले ते गृहस्थ आदल्या वर्षी वारले होते आणि त्यांच्या मुलाने दुकानात मोबाइल विकायला घेतले होते. "तुझ्या फोनने बूट आला तर ठीक," आई म्हणाली, "नाहीतर माझं तिकीट अलीकडचं करून टाक. खुर्चीतच बसायचं तर माझ्या घरात बसेन. तिथे कुणी बघायला नाही."

तिथे खरंच कुणी नव्हतं, आणि तेच मला नको होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये, बाबांच्या रिकाम्या पलंगाशेजारी, भिंतीला धरून चालणारी आई मला डोळ्यांसमोर आणवत नव्हती. शपथ सोडव असं तिला सरळ म्हणावं तर जीभ रेटेना. कारण तसं म्हणायलासुद्धा पाय हा शब्द उच्चारावा लागला असता.

म्हणून मी नुसते फोन करत होते. डेअरीतून स्वस्त कॉलची कार्डं आणायची, नाण्याने खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा. देवळातले गृहस्थ दर वेळी माफी मागत. शेवटी ते म्हणाले की सगळ्या वस्तू आता पोलिसांच्या त्या कार्यालयात गेल्या आहेत. मग एके दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली आणि दुपारी, तिकडे सकाळ झाल्यावर, तिथे फोन लावला. आई शेजारी खुर्चीत होती. लेक जमिनीवर चित्रं रंगवत होती.

तिकडे इंग्लिश बोलणारी एक बाई आली. आवाज तरुण होता. मी सगळी हकीकत सांगितली. तिने विचारलं, बूट एकच? हो, एकच. मग वर्णन सांगा. मी नेहमीचं पाठ म्हटलं. ब्राऊन, लेदर, लेफ्ट, बक्कल. ती शोधून आली आणि म्हणाली, असे दोन आहेत, पण ते पुरुषांचे आहेत. आणखी काही खूण आहे का?

मी आईकडे बघितलं.

"हॅलो?" ती म्हणाली. "काही खूण?"

"आहे," मी म्हटलं. पुढे शब्द निघेना. लहान होते तेव्हा कधी रडले नसेन असं मला रडू यायला लागलं, आणि ते कशाचं, तेही कळेना. बुटाचं, बाबांचं, की मी चौतीस वर्षांची घोडी एका शपथेला भिऊन परदेशातल्या पोलिसांपुढे मुक्यासारखी बसले होते त्याचं.

माझ्या आईने आयुष्यभर ट्रंक कॉल जोडले होते. बाकी काहीही ती सहन करील, पण धरून ठेवलेल्या लाइनवर गप्प बसणारं माणूस तिला सहन होत नाही.

"हे काय चालवलंयस? पलीकडे माणूस ताटकळतंय," ती म्हणाली आणि माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. मग तिचा ऑफिसचा आवाज लागला. तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "हॅलो, मॅडम. गुड मॉर्निंग. सॉरी फॉर द वेट."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत एकेक शब्द स्वच्छ म्हणाली, "माय लेफ्ट लेग इज शॉर्ट, मॅडम. द लेफ्ट शू इज हाय. व्हेरी थिक सोल. विदाऊट दॅट शू आय कॅनॉट वॉक."

लेकीचा खडू थांबला. मी आईकडे बघत होते आणि ती जिवंत होती, ताठ बसली होती, रिसीव्हर खांद्याने धरून पदर सारखा करत होती.

"होल्ड करायला सांगितलंय," तिने मला हलक्या आवाजात कळवलं.

फार वेळ लागला नाही. तिकडची बाई परत आली, आणि आई "येस, येस, बक्कल. येस, हाय सोल," असं म्हणत राहिली. मग पत्ता पुन्हा एकदा नीट सांगून, अक्षर न् अक्षर सुटं करून, तिने "थँक यू फॉर युवर को-ऑपरेशन" म्हटलं आणि फोन ठेवला.

"तिथेच होता," ती म्हणाली. "छत्र्यांपाशी मिळाला म्हणून कुणीतरी पहिल्याच दिवशी उचलून काठ्या आणि कुबड्यांच्यात ठेवला. अपंगांची वस्तू म्हणून वेगळा. बुटांमध्ये कुणी धुंडाळलं तरी सापडणार कसा? पोस्टाने पाठवताहेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला हसू फुटलं आणि रडणंही चालूच राहिलं. मी काहीतरी म्हणणार, तेवढ्यात लेक उठून आजीसमोर आली.

"आजी, विच वन इज शॉर्ट?"

मी तिला गप्प करायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. आईने हात वर करून मला थांबवलं. समोरचं स्टूल पायाने ओढलं, दोन्ही पाय त्यावर ठेवले आणि साडी घोट्यांच्या वर घेतली.

"हा. डावा. बघ."

लेकीने दोन्ही टाचा शेजारी शेजारी आणायचा प्रयत्न केला. त्या जुळेनात. तिने मध्ये आपला हात घालून बघितला आणि म्हणाली, "इट्स ओन्ली धिस मच." मग पुन्हा चित्र रंगवायला गेली, कारण तिच्या दृष्टीने बघून झालं होतं.

माझं झालं नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि आईचा डावा पाय हातात घेतला. बारीक होता, पोटरी माझ्या मनगटापेक्षा जेमतेम जाड असेल एवढीच. आणि गार होता, बाहेरच्या नळासारखा गार. मी घाबरून वर बघितलं.

"तो नेहमीच गार असतो," आई म्हणाली. "लहानपणापासून. थंडीत रात्र रात्र झोप येत नाही."

मी दोन्ही हातांनी तो चोळत राहिले, आणि तिने पाय मागे घेतला नाही.